पाण्याला बुजणारी पूड

“अगं, पाण्याला इतकं काय बुजायचं? ते काय खाणार आहे तुला?”

हा आवाज मी फार वर्षांपूर्वी ऐकला. काचेच्या भांड्यावर वाकून एक बाई माझ्याशी बोलत होत्या. अंगात पांढरा कोट, केसांत खोचलेली पेन्सिल. त्यांनीच प्रयोगशाळेत मला घडवलं, म्हणून मनातल्या मनात मी त्यांना आई म्हणते.

मित्रांनो, मी एक पिवळी पूड आहे. सुजलेल्या, आखडलेल्या सांध्यांवरचं औषध. माझ्या अंगी गुण होता, पण पाण्याशी उभा दावा. पाण्यात टाकलं की मी तळाशी जाऊन फुगून बसायची. मिसळायचं नाव नाही. आणि माणसाच्या पोटात तर पाण्याचंच राज्य. माझी गोळी करून पाहिली, तर जशी आत गेले तशीच बाहेर आले. “पाहुणी आली आणि उंबऱ्यातूनच परत गेली,” आई म्हणाली.

मग तिने मला तेलात घातलं. तेलात मी सुखाने विरघळले. पण तेलाचं तरी पाण्याशी कुठे पटतं? म्हणून तिने साबणाच्या जातीचा एक पदार्थ मध्ये आणला. त्याचा एक हात तेलाच्या हातात, दुसरा पाण्याच्या. दोन्ही घरची सोयरीक सांभाळणारी आत्याबाईच म्हणा ना. भांडं हलवताना आई गुणगुणायची,

पाण्याच्या दारी तेल उभं राहिलं रुसून,
आत न्यावं कुणी त्याला हाताला धरून.

एका दुपारी तिने ते मिश्रण कोमट पाण्यात सोडलं आणि भांडं जरासं हिंदकळवलं. घुसळणं नाही, तापवणं नाही, आपल्या आपणच माझ्या तेलाचे डोळ्यांना न दिसणारे थेंब झाले. पाणी निळसर दुधाळ झालं. आई स्टुलावर बसली आणि कोटाच्या बाहीने डोळे पुसत राहिली.

पुढे मऊ, पारदर्शक कॅप्सूलमध्ये बसून मी घरोघरी गेले. त्यातलं एक घर एका म्हाताऱ्या घड्याळजींचं. सगळे त्यांना अण्णा म्हणत. त्यांची बोटं सुजून अशी वाकडी झाली होती की चिमटा धरता येईना. मुलगा दूरदेशी कामाला. घरात सून आणि तिचं तान्हं बाळ. सून रोज सकाळी मला त्यांच्या तळहातावर ठेवी आणि गिळेपर्यंत समोरून हलत नसे.

“पोलिसात का नाही गेलीस तू?” अण्णा म्हणत.

“तुमच्यासारखा चोर घरातच असताना बाहेर कशाला जाऊ?”

मी पोटात गेले की थेंब थेंब होऊन अंगात भिनायची. हळूहळू सूज उतरली. एके दिवशी अण्णांनी स्वतःच्या सदऱ्याची बटणं स्वतः लावली आणि सगळ्या घराला दाखवत फिरले. ते माझे सोन्याचे दिवस.

मग उन्हाळा आला. अण्णांच्या घड्याळाच्या दुकानाचा पत्रा तापू लागला, घरात भिंतींना हात लावावेना. सुनेला वाटलं, एवढं मोलाचं औषध या उकाड्यात नासलं तर? तिने खोकं टाकून दिलं, मला स्वच्छ बरणीत भरलं आणि फ्रीजमध्ये अगदी बर्फाच्या कप्प्याला टेकवून ठेवलं. नवीन औषध आलं की तेही तिथेच. गारठ्यात ठेवू नये, हे त्या खोक्यावरच बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं.

मला कुणाचा राग आला नाही. सुनेने मायेपोटीच ठेवलं होतं मला तिथे. पण थंडीने तेल गढूळ झालं, आणि ज्या तेलात मी सुखाने विरघळले होते त्यातून मी खडा खडा होऊन बाहेर पडू लागले. एकदा खडे धरले की थोड्याशा उबेने ते सुटत नाहीत. आता मी पोटात जायची आणि उंबऱ्यातूनच परतायची. ओरडावं तर तोंड नाही. मित्रांनो, औषध होऊन आजाऱ्याच्या पोटातून रिकाम्या हाताने निघून जायचं, याहून मोठी लाचारी मला ठाऊक नाही.

अण्णांची बोटं पुन्हा आखडली. ते दुकान लवकर बंद करू लागले. “गिऱ्हाईकच नाही,” म्हणत. सदऱ्याऐवजी डोक्यातून घालायचा बनियन बरा वाटू लागला.

“डॉक्टरांकडे जाऊन यायचं का?” सून विचारी.

“कशाला? झकास चाललंय.”

ती हसून बरणी परत फ्रीजमध्ये ठेवी. एवढी राबते पोर, तिच्या हाताला यश नाही हे कोणत्या तोंडाने सांगायचं, असं त्यांना वाटत असावं. मला खरं कारण माहीत होतं आणि बोलता येत नव्हतं. त्यांना बोलता येत होतं आणि ते बोलत नव्हते. आमच्या दोघांच्या मध्ये ती बिचारी आनंदात होती.

मित्रांनो, माया करताना आधी विचारून घ्या, की ज्याला जपायचं त्याला काय मानवतं. आणि औषधाचा गुण येत नसेल, तर देणाऱ्याचं मन राखायला खोटं बोलू नका.

आज सकाळी सून नवी साडी नेसून आली. तिची बाळंतपणाची रजा संपली होती. तिने मला टेबलावर ठेवलं, पाण्याचा पेला भरला आणि कडेवरचं बाळ पुढे केलं.

“तुमचे हात बरे झाले म्हणून तर मी निर्धास्त निघालेय, अण्णा. घ्या याला. आंघोळ तेवढी जपून घाला, फार वळवळतो.”

बाळाने झेप घेतली. अण्णांचे हात पुढे आले, आणि बाळाला स्पर्श होण्याआधीच मागे गेले.

“का हो?”

अण्णांनी आपली आखडलेली बोटं तिच्यापुढे धरली.

“नको देऊस, पोरी. निसटेल माझ्या हातून. मूठच वळत नाही गं... उन्हाळा लागल्यापासून. या औषधाचा मला काही गुण नाही.”