हिरवी चौकट

धाकट्याचं काम म्हणजे दिवसभर पडद्याकडे बघत बसणं. कचेऱ्या आणि दवाखाने खच्चून भरलेल्या एका उंच इमारतीच्या तळघरात तो बसायचा, आणि समोरच्या पडद्यावर सबंध इमारत चौकटी-चौकटींनी मांडलेली असायची. प्रत्येक खोलीच्या छताला एक सेन्सर होता. आत कोणी हललं की चौकट हिरवी, दिवे आणि एसी चालू. काही वेळ कोणीच हललं नाही की चौकट राखाडी आणि सगळं बंद. आत माणूस बसलाय की नाही याच्याशी त्या यंत्राला काही देणंघेणं नव्हतं. हललात तर आहात, नाहीतर नाही.

त्याचा सख्खा थोरला भाऊ, दादा, याच इमारतीत वरच्या एका बिनखिडकीच्या खोलीत कवळ्या बनवायचा. दातांचे डॉक्टर त्याच्याकडे कामं पाठवायचे. "दात कोरून पोट भरत नाही म्हणतात," तो सगळ्यांना सांगायचा, "माझं बघा, त्याच्यावरच भरतंय." मेणात दात कोरायला बसला की दादाची फक्त बोटं हलायची, तीही इतकी कमी की सेन्सरच्या खिजगणतीत नसायची. मग दिवा विझायचा आणि तळघरातला फोन वाजायचा.

"अरे, मी पुन्हा मेलो बघ. जिवंत कर."

धाकटा खालून दिवा लावायचा. "झालास जिवंत. जरा हात हलवत जा ना."

"हात हलवला तर कुणाचा तरी सुळा वाकडा होईल."

हे रोजचंच झालं होतं. धाकटा वैतागायचा, पण एखाद्या दिवशी फोन आला नाही तर त्याला चुकल्यासारखंही वाटायचं.

मग नवा मॅनेजर आला. पडदा सांगेल ते त्याच्या लेखी ब्रह्मवाक्य. जास्त वेळ राखाडी दिसणाऱ्या खोल्या काढून घ्यायच्या आणि दुसऱ्यांना द्यायच्या, असं त्याने ठरवलं. धाकट्याने सांगून पाहिलं की माणूस आत असतो, फक्त शांत बसतो. मॅनेजर म्हणाला, "मग त्याला अशांत व्हायला सांगा." दादाची खोली त्याच्या यादीत पहिलीच होती. पन्नाशी उलटलेल्या माणसाने भट्टी, साचे आणि गिऱ्हाइकं घेऊन कुठे जायचं?

धाकट्याने कुणाला काही सांगितलं नाही. वहिनीच्या शिवणाच्या डब्यातून त्याने एक लाल फीत मागून घेतली. "कशाला हो भावजी?" तिने विचारलं. "एक दुरुस्ती आहे," तो म्हणाला, आणि तसं ते खोटंही नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याने ती फीत दादाच्या खोलीत एसीच्या जाळीला, सेन्सरच्या अगदी समोर बांधली. फीत हलते म्हणून एसी चालू, आणि एसी चालू म्हणून फीत हलते. संध्याकाळी इमारतीची मुख्य कळ बंद होईपर्यंत चौकट हिरवीगार.

दादा मान वर करून बघत राहिला. "म्हणजे आता मी मरतच नाही."

"नाही."

"मग तुला फोन कुठल्या निमित्ताने करू?"

खोली वाचली. फोन मात्र बंद झाले. तरी दुपारी दादा डबा घेऊन खाली यायचा आणि दोघे पडद्यासमोर बसून जेवायचे, त्यामुळे धाकट्याला त्याचं फारसं काही वाटलं नाही.

एके दुपारी दादा आला नाही. धाकट्याने फोन लावला, तो वाजून वाजून थांबला. त्याने पडद्यावर पाहिलं. चौकट हिरवी होती. एखादं घाईचं काम आलं असेल, भट्टीपाशी उभा असेल, त्याला वाटलं. आपल्याच हाताने बांधलेल्या फितीवर त्याने विश्वास ठेवला. ती चौकट फितीमुळेच हिरवी असते, हे खरं तर त्यालाच सगळ्यांत जास्त ठाऊक होतं. तो एकटाच जेवला, आणि दुपारभर मधून मधून त्या हिरव्या रंगाकडे बघत राहिला. बघून बरंही वाटत होतं त्याला.

संध्याकाळी तो वर गेला तेव्हा दादा टेबलावर डोकं टेकून होता. हातातली कोरणी खाली पडली होती. दिवा लख्ख होता आणि फीत हलत होती. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले की झटका दुपारच्या आधीच आला असावा, लवकर आणलं असतं तर काही करता आलं असतं. हे वाक्य धाकट्याने एकट्याने ऐकलं आणि स्वतःपाशीच ठेवलं. वहिनीला तो म्हणाला, "संध्याकाळपर्यंत काम करत होता. मी पडद्यावर बघत होतो." वहिनीने तेवढ्यावर दिवस काढले. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती तेच सांगायची, हातात काम असताना गेले, भावजी बघत होते.

खोली रिकामी करायला दोघं गेली. वहिनीने साचे पेटीत भरले, अर्धी कोरलेली कवळी रुमालात गुंडाळली. मग कमरेवर हात ठेवून तिने वर पाहिलं.

"ही माझी फीत ना?"

ती स्टुलावर चढली, फीत सोडली आणि हातात धरून खाली उतरली. विचारलं तसं त्याने सगळं सांगितलं, सेन्सर कसा चालतो ते, मॅनेजरची यादी, सगळं. ती ऐकत राहिली. त्याचं बोलणं संपलं तरी दोघं होती तिथेच उभी राहिली, आणि थोड्या वेळाने दिवा विझला.

"काय झालं?"

"आपण हललो नाही म्हणून."

अंधारात तिने विचारलं, "त्या दिवशीही असाच विझला असता?"

"हो."

"आणि जेवायला आले नाहीत म्हणून तुम्ही वर गेला असता."

"हो, वहिनी."

हात जरा वर केला असता तर दिवा लागला असता, पण दोघांपैकी कोणीच तो केला नाही. खाली तळघरात ती चौकट आता राखाडी झाली असेल, धाकट्याच्या मनात आलं, आणि तिथे बघायला कोणी नव्हतं.