गिरणेतला जपानी कुत्रा

काचेच्या कपाटात करकोचा होता, कासव होतं, घुबडही होतं. कुत्रा नव्हता.

चारुलताबाईंनी पुन्हा मागपर्यंत हात घातला. चिनीमातीचे हे जपानी प्राणी त्या कितीतरी वर्षं जमवत होत्या. करकोचा आणि कासव दीर्घायुष्याचे, घुबड संकट टाळणारं. आणि मुठीत मावणारा, गळ्यात लाल दोरा असलेला पांढरा कुत्रा सुखरूप बाळंतपणाचा. पहिलं बाळ पोटातच गेल्यापासून लेकीचा, कामिनीचा, जीव त्या कुत्र्यात अडकला होता. सकाळी दवाखान्यात जायच्या घाईत नेमका तोच राहिला. आता तिचं बीपी चढत होतं. "तिला शांत करा, तासाभरात ऑपरेशनला घेतो," डॉक्टर म्हणाले होते.

"अक्का, इथला कुत्रा कुठंय?"

बाळंतपणासाठी साक्रीहून आलेल्या नणंदेनं, ताईबाईंनी, डिंकाच्या लाडवांवरून मान वर केली. "तो? गिरणामा सोडी वनू. कान तुटेल व्हता. खंडित देव बाळंतीणना घरमा ठेवतस का?"

"अहो, तो देव नाही!"

"मंग पोरगी रोज कपाळले कसाले लावस?"

चारुलताबाईंनी स्कूटर काढली. ताईबाई न विचारता मागे बसल्या.

गिरणा नदी आटली होती. काठाशी गुडघाभर पाणी, त्यात निर्माल्य. चारुलताबाई उतरणार तोच ताईबाईंनी त्यांचा दंड धरला. "सोडेल देव परत काढतस नही. पाप लागस. आज ते नहीच नही."

"तो मिळाला नाही तर पोरगी धीर सोडेल, अक्का."

ताईबाईंनी दंड सोडला. मग पदर खोचून स्वतःच पाण्यात शिरल्या. "तू हात लावू नको. मी सोडा, मीच काढसू. काय लागी ते माले लागी."

पायांनी चाचपत त्या वाकल्या. करवंटी निघाली. पुन्हा वाकल्या. फुटकी तसबीर. फोन वाजला, जावई होते. "आई, तिला आत नेताहेत." तेवढ्यात ताईबाईंची मूठ पाण्यातून वर आली. दोरा वाहून गेला होता. कान तसाच तुटका.

दोघी दवाखान्यात पोचल्या तेव्हा स्ट्रेचर ऑपरेशन थिएटरच्या दाराशीच होतं. कामिनीनं कुत्रा कपाळाला लावला, क्षणभर डोळे मिटले. नर्स म्हणाली, "हे आत चालणार नाही."

"आत्या, तुम्ही धरा. खाली ठेवू नका."

दार बंद झालं. ताईबाई ओल्या लुगड्यानं बाकावर बसल्या आणि अंगठ्यानं कुत्र्याच्या पाठीचा चिखल पुसत राहिल्या.

"चारू, याले निवद काय दाखाडतस?"

चारुलताबाई उत्तर देणार, तोच दारापलीकडून बाळाचं रडणं आलं. ताईबाईंनी मूठ घट्ट आवळली. कामिनीचीही खबर येईपर्यंत त्यांनी ती उघडली नाही.