नाक कुणाचं, पाय कुणाचा

टबातल्या कोमट पाण्यात नातीचा पाय धरून इंदुबाई भिजलेल्या प्लॅस्टरची पट्टी उलगडत होत्या. दर मंगळवारी दवाखान्यात नवं प्लॅस्टर. त्याआधी जुनं घरी असं काढायचं. तिसऱ्या प्लॅस्टरखालून पाऊल निघालं आणि अगंबाई, जन्मतःच आत वळलेलं ते पाऊल बरंच सरळ झालेलं! इंदुबाईंचा जीव भांड्यात पडला.

बाळ बघायला आलेल्या इंदुबाईंच्या नणंद चंपाबाई पलंगावर ठाण मांडून वाटणी करत होत्या.

"नाक माज्या भावाचं, काळूरामचं. कपाळ बापाचं, धर्मेशचं. कान पन आमचंच. पाय तेवढा आमच्यान कुनाचा न्हाय. सूनबाय, गिरनात काय चिरलंस काय गं?"

बाळाची आई चांदणी टॉवेलची घडी मोडून पुन्हा घालू लागली.

"डॉक्टर बोलले, ग्रहणाचा काही संबंध नाही. एकच असं कारण नसतं. पण घरात आधी कुणाला असेल तर बाळालाही होऊ शकतं."

"तं मंग तुज्या म्हायेरी इचार."

महिनाभर ती दुसरं काय करत होती? जेसल पार्कच्या माहेरी रोज फोन. आजी, मावशी, चुलत आजोबा, कुणाला म्हणून सोडलं नाही. रोज 'नाही' ऐकायची आणि अर्धी भाकरी टाकून उठायची. इंदुबाई ते बघायच्या आणि मूग गिळून बसायच्या. डॉक्टरांनी विचारलं तेव्हाही गप्प. लाज, दुसरं काय!

त्यांनी बाळ चांदणीच्या मांडीवर दिलं. साडी पोटरीपर्यंत वर घेतली आणि उजवा पाय पुढे केला. डाव्यापेक्षा आखूड पाऊल, बारीक पोटरी.

"पाय माज्यावर गेलाय."

"तुजा तं ल्हानपनी मिठागरान मुरगाळलेला ना?"

"खोटं हाय त्ये. जल्मताच वाकडा व्हता. वैदूनं बांधून बांधून सरळ केला. लग्नाच्या टायमाला आयनं जे सांगाया लावलं, त्येच चाळीस वर्सं सांगतेय."

चंपाबाईंनी गार झालेला चहा उचलला.

चांदणीचे डोळे भरून आले. रागानं म्हणा, सुटल्यासारखं वाटून म्हणा, तिचं तिलाच कळेना. त्या पावलाकडे ती बघतच राहिली.

"आई, माझ्या हळदीला याच पायावर नाचलात? बँजोवाले थकले तरी?"

"ह्याच. दुसरा कुठून आनू?"

चांदणीला खुदकन हसू फुटलं. बाळाचं ओलं पाऊल मुठीत धरून तिनं दुसऱ्या हातानं फोन लावला.

"मम्मी, आता कुणाला विचारू नको. सापडलं. आणि ऐक ना, ही नाचणार आहे."