खाली ओढलेला दांडा

"डॉक्टर, चला लवकर, पेशंट आडवा झालाय!"

मुकादमाची हाक शेडभर घुमली, तेव्हा ती खोक्यात सुताची रिळं भरत होती. हातातलं रीळ टाकून ती उठली.

डॉक्टर म्हणजे तिचा नवरा. कामाला लागला होता सुताच्या गाठी उचलायला. एकदा कुणीच मिळेना म्हणून त्याने फ्यूजची तार बदलली, पंखे फिरले आणि लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. शिकलेला वायरमन बोलावणं मालकाच्या जिवावर यायचं. मग काहीही बंद पडलं की डॉक्टर, आणि बंद पडलेलं मशीन म्हणजे पेशंट! त्यालाही ते नाव गोड लागे.

"अहो, आज नका जाऊ. खाली सगळं ओलं आहे."

"अगं, हा गेलो आणि हा आलो. तू दांडा धर म्हणजे झालं."

मेन स्विचच्या दांड्याला ना कुलूप, ना पाटी. मागे कुणीतरी न विचारता तो वर केला आणि डॉक्टरची बोटं भाजली. तेव्हापासून तो आत हात घाली आणि ती दांडा खाली धरून उभी राही. बायका चिडवत, "वहिनी, मूठ सैल सोडू नका हं, नवरा पळेल!" तीही हसे. त्या दिवसांत हसायला निमित्त लागत नसे.

तिने दांडा ओढला. पंखे थांबले.

"ओढलास?" मशीनमागून आवाज आला.

"ओढला! धरलाय!"

तेवढ्यात मालक आले. "सगळंच बंद पाडलंत? माल आज जायचाय. सोड गं तो."

"साहेब, ते आत आहेत."

"चाकरी कुणाची करतेस?"

"तुमचीच. पण दांडा नाही सोडायची."

मालकांना असं कुणी बोललं नव्हतं. ते तणतणत बाहेर अंगणात गेले. तिला मनात कुठेतरी बरं वाटलं.

मग अंगणातून जनरेटर धडधडला. डोक्यावरचा पंखा फिरू लागला. तिने पंख्याकडे पाहिलं, मग हाताकडे. दांडा खालीच होता.

वीज गेली तरी काम चालावं म्हणून जनरेटरची तार उन्हाळ्यात डॉक्टरनेच जोडली होती, थेट मशीन-पंख्यांच्या तारेला, दांड्याला वळसा घालून. ते त्याच्याही ध्यानात राहिलं नव्हतं.

"बंद करा! अहो, हात काढा!" ती ओरडली. मशीनमागून उत्तर आलं नाही.

मुकादम धावत गेला, जनरेटर थांबला. चौघांनी डॉक्टरला उचलून गाठींवर निजवलं. कुणी छाती चोळली, कुणी नाकाशी हात धरला, आणि मग एकेकाने हात मागे घेतले.

मुकादम तिच्याजवळ आला. "वहिनी, सोडा आता. चला त्याच्यापाशी."

"मी वर केला नाही हो भाऊजी. तुम्हीच बघा. खालीच आहे ना?"

मुकादमाने मान वर करून दांड्याकडे पाहिलं. "हो, वहिनी. खालीच आहे."

तिने मान हलवली आणि दुसरा हातही दांड्यावर घट्ट ठेवला.