गाठ उपाशी राहत नाही

"हे पाणी प्यायलं की गाठ उपाशी मरते, समजलं?" दादाने हिरव्या पाण्याचा पेला तिच्या नाकासमोर धरला. "तुमच्या डॉक्टरांना हे कुणी शिकवत नाही."

पेल्याला ओल्या गवताचा वास येत होता. ती दादाकडे बघत राहिली. टायरच्या कंपनीत विभागप्रमुख म्हणून आयुष्यभर लोकांवर गुरगुरलेला तिचा हा थोरला भाऊ. आता त्याची मान आणि शर्टाची कॉलर यांच्यामध्ये मूठ जाईल एवढी जागा पडली होती. सकाळी तो न्हाणीघरात चक्कर येऊन पडला, म्हणून वहिनीने तिला बोलावून घेतलं होतं. एरवी या घराला तिची आठवण होत नसे.

"कोण म्हणालं गाठ मरते?"

"आहारगुरू. लाखो लोक ऐकतात त्याचं. तुझं किती जण ऐकतात?"

वहिनीने मोबाइल पुढे केला. पडद्यावर एक तुकतुकीत गृहस्थ साखर सोडा, फळं सोडा, दूध सोडा असं बजावत होता. त्याने पेशी चित्रातसुद्धा पाहिली नसावी, पण आव असा, की गाठीने रात्री येऊन त्याच्या कानात सगळं सांगितलंय. तिने मोबाइल उपडा ठेवला.

त्या माणसाची तिला कीव तरी आली असती. दादाची येत नव्हती. ती प्रयोगशाळेत लागली तेव्हापासून तो तिला 'उंदरीण' म्हणायचा. मित्रांसमोर ओळख करून द्यायचा, "ही उंदरांना कॅन्सर देते, मग बरा करते. माणसांच्या कामाची नाही." सगळे हसायचे. तीही हसायची, आणि घरी जाऊन स्वतःवरच चरफडायची. रोगाशी लढणाऱ्या पेशी काय खातात, कशावर दम धरतात, यात तिचं उभं आयुष्य गेलं. या घरात कुणी त्याबद्दल चकार शब्द विचारला नाही. तिनेही उट्टं काढलं होतं. दादा टायरांच्या बढाया मारू लागला, की ती भिंतीकडे बघत बसायची.

"वन्सं, तुम्हीच सांगा ह्यांना," वहिनी म्हणाली. "अंडं पुढे केलं तर ताट भिरकावतात."

"तू गप्प बस गं!"

"तूच गप्प बस, दादा. तू साखर सोडलीस म्हणून गाठ उपाशी राहत नाही. पोटात काही गेलं नाही, की शरीर स्वतःचं मांस मोडून साखर बनवतं. गाठ ती मजेत खाते. उपाशी मरतोयस तो तू."

"आणि ते सलाइनमधून चढवतात ते औषध?"

"ते गाठीला मारत नाही. तुझ्या लढणाऱ्या पेशींना लागलेला ब्रेक सोडतं. मारायचं काम पेशींचं. पण गाठ हावरट असते. आजूबाजूची साखर आधी तीच ओरपते, वर आंबट घाण सोडते. तुझ्या पेशी तिथे पोचतात तेव्हा खायला काही नसतं आणि जीव गुदमरतो. मग त्या गळून पडतात."

दादाने पेला खाली ठेवला. "म्हणजे ब्रेक सोडला, पण टाकीत पेट्रोलच नाही."

तिला भयंकर राग आला. जे सांगायला तिला पानंच्या पानं खरडावी लागली, ते हा टायरवाला एका वाक्यात बोलून मोकळा झाला होता.

"मग अंडं खाल्लं की टाकी भरेल?"

"इतकं सोपं असतं तर मला कामच उरलं नसतं. अंडं खाल्लंस तर न्हाणीघरात पडणार नाहीस, पुढचं औषध झेपेल. एवढंच. गाठीच्या आत त्या पेशींना कसं तगवायचं, ते अजून कुणालाच नीट जमलेलं नाही."

"तुलाही नाही?"

"मलाही नाही."

"छान! मग इतकी वर्षं केलंस काय?"

तिने पेला उचलला आणि हिरवं पाणी मोरीत ओतलं. "वहिनी, अंडी उकडायला ठेवा."

दादा खाऊ लागला. प्रत्येक घासाला शिव्या घालत होता, पण खात होता. अंगावर थोडं मांस धरलं, औषधही झेपलं. गाठ मात्र वाढली. डॉक्टरने संगणकावरची नजर न काढता सांगितलं, "प्रतिसाद समाधानकारक नाही." जणू दादा परीक्षेत नापास झाला होता. त्या गुळगुळीत शब्दांबद्दल डॉक्टरच्या मुस्काटात द्यावी असं तिला वाटलं.

गाडीत बसल्यावर दादा म्हणाला, "मला तुझ्या पेशी बघायच्यात."

"माझ्या नाहीत त्या. रक्तदात्यांच्या असतात."

"असतील कुणाच्याही. दाखव."

सुट्टीच्या दिवशी ती त्याला प्रयोगशाळेत घेऊन गेली. पांढऱ्या कोटात तो आणखीच बुजगावण्यासारखा दिसत होता. त्याने खोलीभर नजर फिरवली.

"एवढंच? आमच्या कंपनीचं कँटीनसुद्धा याहून मोठं होतं."

तिने उबदार कपाटातून एक बाटली काढली. आतलं पाणी पिवळं पडलं होतं. "हे लाल असतं. पेशींनी साखर खाल्ली की आंबट होऊन पिवळं पडतं. या धडधाकट आहेत." मग तिने एक काचेची बशी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली.

"काही दिसत नाही. नुसता धूर आहे."

तिने त्याचं डोकं दोन्ही हातांत धरून नीट लावलं. उभ्या आयुष्यात तिने त्याच्या डोक्याला हात लावला नव्हता. कातडीखाली हाडं थेट हाताला लागत होती.

"हलतंय काहीतरी," दादा म्हणाला. "ही मोठी कोण?"

"कॅन्सरची पेशी."

"बारक्या चिकटल्यात तिला. काय करतायत?"

"मारतायत. फार सावकाश चालतं ते."

दादा आणखी पुढे वाकला.

"माझ्या आत असं होत नाहीये."

"नाही, दादा."

खोटं बोलायला तिची जीभ वळली नाही, आणि त्यालाही ते चाललं नसतं.

"एवढ्यासाठी आयुष्य घालवलंस?" तो म्हणाला. स्वर नेहमीचाच होता, तुच्छ. पण डोळे त्याने काढले नाहीत. टेबलाची कड धरलेली त्याची बोटं पांढरी पडली होती.

"दमशील. चल, निघू या."

"थांब गं. अजून एक बारकी येतेय."

तिने स्टूल त्याच्यामागे सरकवलं. तो बसला नाही. मग ती त्याच्या पाठीला हाताचा आधार देऊन तशीच उभी राहिली.