हौद्याखाली कोंडलेली टाकी

मित्रांनो, मी एक जुनी पेट्रोलची टाकी आहे. जुनी म्हटलं, गंजकी नाही म्हटलं. हा फरक ज्याला कळत नाही त्याने पुढे वाचायचे कष्ट घेऊ नयेत.

पत्र्याचे दोन खोलगट तुकडे समोरासमोर आणले, कडा डागल्या, आणि मी झाले. लगेच माझ्या पोटात हवा भरून मला पाण्यात बुडवलं. एक बुडबुडा आला नाही. माझ्याबरोबरच्या काहीजणी तिथेच नापास झाल्या. मला अक्षर येत नाही, पण ही परीक्षा मी जन्मल्या दिवशी पास झाले आहे.

पुढे एका जीपखाली मी पुष्कळ वर्षं काढली. गाडी धावली की कौतुक इंजिनाचं, थांबली की बोल टाकीला. घरातल्या मोठ्या बाईचं असंच असतं, तिचं नाव फक्त चुकांच्या वेळी निघतं. जीप म्हातारी झाली तेव्हा तिचं सगळं वेगळं करून विकलं आणि मी भंगारवाल्याच्या आवारात जाऊन पडले. तिथला एक माणूस रोज मशीन घेऊन येई आणि हाताला लागेल ते कापून त्याच्या पट्ट्या करी. माझ्या शेजारचं सगळं तसंच गेलं. मी तोंड भिंतीकडे करून पडून राहिले.

एका दुपारी तिथे एक सुतार आला. बरोबर त्याची लेक होती आणि त्याचा वेल्डिंग करणारा मेव्हणा, म्हणजे त्या मुलीचा मामा. सुताराने माझ्यावर बोटाच्या पेराने टकटक केली, बॅटरी लावून आत पाहिलं आणि म्हणाला, "आतून लख्ख आहे."

इतक्या वर्षांत माझ्या आत डोकावून बरं बोलणारा हा पहिलाच. मी भाळले. भाळायला नको होतं.

सुताराची पिकअप माझ्याहून म्हातारी होती. गोल नाकाची, गालफुगी. सुताराने तरुणपणी हौसेने तिच्या मागच्या स्प्रिंगांचे पाटे काढून तिला इतकी बुटकी केली होती, की मांजरसुद्धा खाली शिरताना विचार करी. तिची स्वतःची टाकी होती बसायच्या जागी, सीटच्या मागे. ती झिरपायची. वासाने लेकीचं डोकं धरायचं. शेवटी सुताराच्या बायकोने निक्षून सांगितलं, "अहो, एक तर ती टाकी बाहेर काढा, नाहीतर पोरीच्या जागी तुम्ही दिवसभर त्या सीटवर बसा. बघू, किती वेळात चक्कर येऊन पडता ते."

कारण लेक आता गाडी चालवत होती. कपाटं, टेबलं ती लोकांच्या घरी पोहोचवायची. त्याआधी ती दिवसभर बापाच्या दुकानात पॉलिशपेपर घासत बसे. तिच्या भुवयांवरसुद्धा लाकडाचा भुसा असे. गाडी हातात आल्यापासून पोर शीळ घालायला लागली होती.

तर मला गाडीच्या मागच्या टोकाला, चासीच्या दोन लोखंडी दांड्यांच्या मध्ये टांगलं. मागचा, माल ठेवायचा हौदा आधीच उतरवून ठेवला होता. मामाने दोन पट्टे आवळले, मग जमिनीवर आडवा होऊन बघितलं.

"भाऊजी, खाली जागाच नाही. पहिल्याच गतिरोधकावर हिचं पोट फाटेल. गाडी थोडी उचला, पाटे परत घाला."

"गाडीला हात लावायचा नाही. टाकी वर घ्या."

"वर हौदा येणार ना! हिच्या डोक्यावर हवेची नळी आहे. दोन बोटं तरी मोकळी जागा ठेवा."

"मेव्हणे, माझ्या कपाटाच्या दारातून कागद जात नाही. आणि तुम्ही मला दोन बोटांची फट ठेवायला सांगता?"

"ताई, तू तरी सांग यांना."

"मी सांगून ऐकले असते तर गाडी बुटकी झाली असती का?" बायको म्हणाली.

मामाने मान हलवली आणि मला वर घेतलं. आता ही नळी काय, ते ऐका. माझ्यातून जेवढं पेट्रोल बाहेर जातं, तेवढी हवा तिच्यातून आत यावी लागते. हवा आली नाही तर पेट्रोल जाणार कसं? पण सुताराने लाकडी फळ्यांचा हौदा माझ्यावर ठेवला. त्याने तो स्वतः केला होता, एक सांधा दिसत नव्हता. हौदा असा चपखल बसला, की माझी नळी त्याच्याखाली रिबिनीसारखी चपटी झाली. कोणीतरी गळ्यावर पाय ठेवावा, तसं मला झालं. वर सगळे म्हणाले, "वा! काय बसलाय!"

मित्रांनो, डावीकडे लोखंड, उजवीकडे लोखंड, पुढ्यात ॲक्सल, डोक्यावर लाकूड आणि खाली पळता रस्ता. ओरडायला तोंड एकच, हौद्याच्या कडेला काढलेलं, आणि त्यावर झाकण घट्ट.

पहिल्यांदा गाडी थांबली तेव्हा लेक एकटी होती. पेट्रोल आहे का, हे बघायला तिने झाकण उघडलं. फुस्स करून हवा आत आली. मी छाती भरून घेतली. गाडी सुरू झाली. लेकीला वाटलं, नशीब. सुताराला वाटलं, पेट्रोल ओढणारा पंप बिघडलाय. पंप बदलला.

दुसऱ्यांदा सुतार स्वतः चालवत होता. ऐन चौकात आचके देऊन गाडी बंद. मागे हॉर्नचा कल्लोळ. एक स्कूटरवाला वाकून म्हणाला, "काका, चावीची गाडी आहे का? चावी संपली वाटतं!"

सुतार घरी आला तो लाल होऊन. "ती भंगारातली टाकी काढून कापायला द्या. गाडी विकतो मी. गिऱ्हाईक तयार आहे."

कापायला! त्या मशीनचा आवाज माझ्या पत्र्यात अजून होता. इथून सुटायला मी तडफडत होते, पण असं नव्हे हो.

"आणि पोरीने काय करायचं?" बायकोने विचारलं.

"दुकान आहे की. सावलीत बसून काम."

 लेकीची शीळ बंद. मग म्हणाली, "बाबा, उद्याचं एक टेबल पोहोचवते. गाडी थांबली, तर विका."

दुसऱ्या दिवशी लेक, आई आणि बाप तिघेही निघाले. मी जिवाच्या आकांताने पेट्रोल सोडत होते. पोटात पोकळी वाढत होती, पत्रा आत ओढला जात होता. एका लांब भिंतीपाशी माझ्याच्याने झालं नाही. गाडी थांबली.

सुतार समोर बघत बसून राहिला. लेक उतरली, मागे आली, झाकण फिरवलं. फुस्स!

"अगं बाई! ही सुस्कारा टाकतेय," आई म्हणाली.

"टाकत नाही आई. ओढून घेतेय." लेक थबकली. "बाबा! पहिल्यांदाही मी झाकण उघडलं, असाच आवाज झाला आणि गाडी चालू झाली. पंप नाही. हिला कोंडलंय कोणीतरी."

"कोणीतरी?" बायको नवऱ्याकडे बघून म्हणाली. "नाव सांगू?"

सुतार खाली उतरला. इस्त्रीच्या शर्टात रस्त्यावर पाठ टेकून आडवा झाला. त्याचं बोट माझ्या कडेने वर चढलं, चपट्या नळीवर थांबलं. 

घरी आल्यावर पेट्रोल काढून घेतलं, हौदा उतरवला. नळी बदलली. मग सुताराने चार जाड पट्ट्या तासून चासीवर ठेवल्या आणि हौदा त्यांच्यावर बसवला. हौदा वर उचलला गेला. बसायच्या जागेची रेघ एकीकडे आणि हौद्याची दुसरीकडे. आंधळ्यालाही दिसावं असं. गाडी घ्यायला आलेलं गिऱ्हाईक म्हणालं, "सुतारदादा, हे काम तुमच्या हातचं वाटत नाही."

"माझ्याच हातचं आहे," सुतार म्हणाला. "आणि गाडी विकायची नाही. लेकीला लागते."

मित्रांनो, मी सुटले असं समजू नका. लोखंड तिथेच आहे, पट्टे तितकेच आवळलेले आहेत, पावसाचा चिखल माझ्याच अंगावर उडतो. टाकीला जन्मभर कुठेतरी बांधून घ्यावंच लागतं. माझं मागणं एवढंच, की ज्याच्यावाचून तुमचं चालत नाही त्याला श्वासापुरती जागा ठेवा. अडकून बंद पडलेल्याला लाथ मारण्याआधी, त्याचं झाकण सैल करून बघा.

आज सकाळी दोन खुर्च्या घेऊन लेक निघाली आहे. कुठे, ते मला दिसत नाही. शीळ मात्र ऐकू येते.