खुर्ची आणि सौभाग्यवतींचे पाय

सुज्ञ वाचकहो, एका खुर्चीची व तिच्यामुळे मला वाटलेल्या लाजेची सत्य हकीकत मी येथे कथन करणार आहे.

खुर्च्यांच्या दुकानात गिऱ्हाइकाचे टाचेपासून गुडघ्यापर्यंतचे माप घेऊन खुर्ची बेतून देणे, हा माझा व्यवसाय होय. सौभाग्यवती घरी संगणकावर टंकलेखन करतात. त्यांची कंबर दुखे, म्हणून मी पाठीला उत्तम आधार देणारी खुर्ची आणली आणि मेहुण्यासमक्ष तिचे सविस्तर गुणवर्णन केले. तथापि सौभाग्यवती टोकालाच टेकून बसल्या.

"अगं, मागे रेलून बस ना! पाहुणी आहेस का?" मी म्हणालो.

"रेलले की पाय अधांतरी लोंबतात," त्या हळूच म्हणाल्या.

मेहुणा हसला. "भाऊजी, जगाचे गुडघे मोजता, आणि आमची ताईच राहिली की!"

खुर्ची मी माझ्याच उंचीला लावली होती. माझे कान तापले. तिथेच फरशीवर बसून मी त्यांच्या टाचेला हात लावला, तर त्यांनी पाय आखडून घेतले.

"इश्श, पाया काय पडताय!"

"माप घेतोय," एवढेच माझ्या तोंडून निघाले.

आपण हे शांतपणे वाचलेत, याबद्दल मनःपूर्वक आभार.

आपला नम्र,
खुर्चीमास्तर